हातभर गॅलरी, चिमूटभर बी

पितृपक्षाचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले की दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एरवी वर्षभर न दिसणारा माल येतो. काळी माती. छोट्या पिशव्यांत भरलेली, शेजारी पत्रावळी, परड्या, मातीचे घट आणि मिसळलेल्या धान्याच्या पुड्या. गिरगावात ठाकूरद्वारच्या आसपास, परळ-लालबागच्या नाक्यांवरही हेच. घरातली बाई ती माती घेऊन जाते, घटस्थापनेच्या सकाळी पत्रावळीवर पसरते, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवते, भोवती धान्य टाकते, वरून मातीचा हलका थर देते आणि पाणी शिंपडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात. दसऱ्यापर्यंत ते वीतभर होतात, देवाला वाहिले जातात आणि टोपीत, केसांत खोवले जातात.

याला कुणी बागकाम म्हणत नाही. पण बी थेट पेरून झाड वाढवायचं सगळं तंत्र त्या पत्रावळीवर आहे. भुसभुशीत माती, वर पातळ थर, बेताचं पाणी, आणि पेरल्यावर रोज उकरून न पाहणं. देवापुढची चीज, त्यामुळे तिला कुणी हात लावत नाही. बी उगवण्यामागे या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. घट साध्या भाजणीचा असेल, वरून ऑइलपेंट फासलेला नसेल, तर त्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतीची माती नऊ दिवस ओलसर राहते. कोरडवाहू भागात झाडांच्या मुळाशी मडकी पुरून पाणी देतात ते याच तत्त्वावर. कोंब पिवळट येतात ते देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी म्हणून. तीच पत्रावळ गॅलरीत ठेवली तर कोंब हिरवेगार येतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या घरात घट उगवतात त्या घरात बाग होते. आणि तरीही त्याच घरातला माणूस कुंडीची हौस आली की नर्सरीत जातो, फुललेला गुलाब उचलून आणतो, दोन महिन्यांत त्याच्या काटक्या होतात आणि मग 'आमच्या हाताला झाड लागत नाही' हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला येतं. दोष हाताचा नसतो. तो गुलाब मोकळ्या रानात, भरपूर उन्हात वाढलेला असतो. गिरगावातल्या एखाद्या वाडीत दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर त्याला मिळतं दोन तास ऊन, समोरच्या इमारतीची भिंत आणि मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा. याउलट जे झाड त्याच कठड्यावर बीतून उगवलं, त्याने पहिलं पान काढलं तेच त्या उजेडात, त्या खाऱ्या वाऱ्यात. जमलं तर राहतं, नाही जमलं तर आठवड्यात कळतं आणि गेलेलं असतं चिमूटभर बी.

बी घालायच्या तऱ्हा शेतकऱ्याला ठाऊक असतात. पाभरीने ओळीत पेरायचं, खळगा करून एकेक टोकायचं, नाहीतर मुठीने फोकायचं. आपल्या कामाच्या शेवटच्या दोन. मोठं बी टोकायचं: गोकर्ण, गुलबक्षी, भेंडी, घेवडा, सूर्यफूल. बारीक बी फोकायचं: माठ, मेथी, कोंबडा, झेंडू, कॉसमॉस. आणखी एक तऱ्हा आहे, रोप करून ते उपटून दुसरीकडे लावण्याची. कोकणातला भात बहुतेक तसाच होतो. गिरणगावातली कोकणी माणसं लावणीसाठी रजा काढून गावी जात ती उगाच नव्हे; त्या कामाला माणसांचं बळ लागतं, हाताला सराव लागतो. म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी ही रोपांची मंडळी या पुस्तकात नाहीत. शिवाय काही झाडांना जागा बदललेली सोसतच नाही. मुळा, गाजर, भेंडी, घेवडा यांचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धावतं. ते एकदा दुखावलं की मुळा वाकडा होतो आणि भेंडी रुसून बसते. ज्याला जिथे राहायचंय तिथेच त्याचं बी टाकणं, हा या पुस्तकाचा एकमेव नियम.

गिरगावात हे काही नवलाचं नाही. मुगभाट, बोरभाट, खेतवाडी, फणसवाडी ही पत्त्यांवरची नावं एके काळच्या शेताबागांची आहेत. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकाच्या मध्याला, मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होतं तो गार्सिया द ऑर्टा वैद्यही होता आणि वनस्पतींचा अभ्यासकही. इथल्या औषधी झाडांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पुढे इंग्रजांच्या काळात शेती-बागायतीसाठी निघालेल्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती. त्या जागी कबरस्तान झालं आणि बाग भायखळ्याला आली. तीच १८६२ मध्ये लोकांना खुली झालेली राणीची बाग. तिथे दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस महापालिका फुलांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरवते. जरूर पाहावं, पण तिथल्या कुंड्या पाहून खरेदीची यादी मात्र करू नये. ती माळ्यांच्या फौजेची कमाई असते.

बियांच्या पाकिटांवर छापलेलं वेळापत्रकही असंच परक्याचं. ते ज्या मुलखासाठी लिहिलेलं असतं तिथे कडाक्याचा हिवाळा असतो. मुंबईत कुलाब्याचा पारा जानेवारीतही सहसा १५ अंशांखाली उतरत नाही, वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पॅन्झी, स्वीट पी, लार्कस्पर ही पुण्याची फुलं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन पाहून आलेल्या मुंबईकराला त्यांची असूया वाटते, ती वाटू द्यावी आणि सोडून द्यावी. मुंबईत फोकणीचे हंगाम दोन. एक मृगाचा, एक दसऱ्याचा.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. मुंबईत पाऊस साधारण त्याच आठवड्यात पोचतो. त्याच्या पंधरवडाभर आधी हापूस संपतो आणि गिरगाव-दादरच्या घराघरांत आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या उरतात. उथळ, हलक्या, फटींमुळे पाण्याचा निचरा होणाऱ्या. आत गोणपाट अंथरलं की फोकणीसाठी याहून चांगलं भांडं विकत मिळत नाही. पेटी एक हंगाम टिकते, दिवाळीपर्यंत कुजते, तोवर तिचं काम झालेलं असतं.

या पेटीत पहिला मान तेरड्याचा. तो मुळात आपल्याकडचाच. पावसात सह्याद्रीच्या उतारांवर त्याचे रानटी भाऊबंद गुलाबी गालिचे घालतात. मृगात टाकलेलं तेरड्याचं बी आठवड्याभरात उगवतं, दोन महिन्यांच्या आत फुलावर येतं, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींना अगदी वेळेवर. कोकणातल्या कित्येक घरांत मुळासकट तेरडा आणून त्याचीच गौर बसवतात. त्या दिवसांत कर्जत-कसाऱ्याकडच्या बायका डोंगरातून तेरड्याचे भारे घेऊन दादरच्या बाजारात येतात आणि चाकरमानी ते हौसेने घेतो. त्या बायकांची विक्री थांबावी असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या गॅलरीतल्या एका रोपाने गौर आणायची मजा वेगळी. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण खरी असली तरी ती एका फुलापुरती. झाड महिनाभर फुलत राहतं. ऊन कमी असलं तरी कुरकुर करत नाही. शेंग पिकली की बोट लागताच फुटते आणि बी चारी दिशांना उडवते, ते पोरांना फार आवडतं. पुढच्या वर्षी पेटीच्या आसपास, गटाराच्या कडेला, खालच्या मजल्याच्या पागोळीत तेरडा दिसला तर तक्रार करू नये.

सूर्याचंही ध्यान ठेवायला हवं. मुंबई १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी असे दोन दिवस येतात की दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ज्या उत्तरेकडच्या गॅलरीला वर्षभर 'आमच्याकडे ऊनच येत नाही' असं म्हणून मोडीत काढलेलं असतं, तिला नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर ऊन मिळतं. दक्षिणेकडच्या गॅलरीचं उलट: पावसाळ्यात ती काळवंडलेली, पण दसऱ्यानंतर सूर्य खाली झुकला की ऊन थेट उंबऱ्यापर्यंत. तेव्हा उत्तरेला तेरडा आणि दक्षिणेला झेंडू, एवढी विभागणी केली तरी निम्मी लढाई जिंकली. लालबागला आता यात एक तिसरा पक्ष आला आहे, गिरणीच्या जागेवरचा टॉवर. त्याची सावली कुठे कधी पडते हे पंचांग सांगणार नाही. एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कुठून कुठे सरकतं ते खडूने जमिनीवर आखून ठेवावं.

दुसरा हंगाम दसऱ्याचा. पाऊस गेलेला, माती अजून ओलावा धरून असलेली, ऑक्टोबरचा उकाडा उतरणीला लागलेला. आणि बी? ते दारावरच टांगलेलं असतं. दसऱ्याचं तोरण वाळलं की त्यातली फुलं हातावर चुरडून पाहावीत. काळी, टणक, सुईसारखी बारीक काडी आणि टोकाला फिकट कुंचला, हे झेंडूचं बी. मऊ, पांढुरकं असेल तर ते भरलेलं नाही. बाजारातली बरीच फुलं कोवळी खुडलेली असतात, म्हणून दहातली दोन-तीनच कामाची निघतात. तेवढी पुरेत. चार-सहा दिवसांत उगवतात, दोन महिन्यांत फुलतात. एरवी तोरण निर्माल्याच्या कलशात जातं. मेक्सिकोतून आलेल्या या फुलावाचून आज आपला दसरा होत नाही, आणि चाळीच्या गॅलरीतल्या फुलांची जन्मगावं शोधायला गेलं तर असे बरेच परदेशी निघतात. कॉसमॉस आणि झिनिया मेक्सिकोचे, गुलबक्षी दक्षिण अमेरिकेतली, नऊ-दहाच्या सुमारास उमलते म्हणून जिला आपण ऑफिस टाइम म्हणतो ती पोर्तुलाकाही तिकडचीच. पिवळ्या-केशरी कॉसमॉसबद्दल एवढं सांगतो की त्याला खत देऊ नये. खाऊन-पिऊन तो नुसता उंच होतो. उपाशी ठेवला की फुलतो.

या परदेशी मंडळींत एकीची गोष्ट परळकराने ऐकायलाच हवी. सदाफुली. मादागास्करची. परळ-लालबागच्या जुन्या इमारतींच्या भिंतींत, पाइपाच्या सांध्यात, गच्चीच्या फटीत ती कुणी न लावता उगवते. तिच्या जोडशेंगा वाळून उकलतात, काळं बी खाली पडतं आणि अंधाऱ्या फटीतच ते जास्त चांगलं रुजतं. फोकून येणाऱ्या झाडांत इतकं बेफिकीर दुसरं नाही. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक तिच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधत होते. ते काही सापडलं नाही, पण त्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात असं दिसलं आणि त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं. पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत ते आजही वापरतात. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात, जे १९४१ पासून देशभरच्या रुग्णांचा आधार आहे, ते सलाइनच्या नळीतून दिलं जातं आणि रुग्णालयाबाहेरच्या रस्त्यावर एखाद्या भिंतीच्या फटीत त्याची आई उभी असते. मात्र तिची पानं सकाळी चघळायची जी टूम आहे ती बंद करावी. ग्रॅमभर औषधाला शेकडो किलो वाळकी पानं लागतात, आणि पानांतली बाकीची द्रव्यं विषारी आहेत. झाड फुलांसाठी लावावं, औषधासाठी डॉक्टरकडे जावं.

आता बियांची दुकानं. माझ्या मते मुंबईतलं सगळ्यात मोठं बियाण्याचं दुकान लालबागच्या मसाल्याच्या बाजारात आहे, फक्त तिथे पाटी तशी नाही. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा मसाला करायला बायका तिथे जातात, मिरच्या निवडतात, डंकावर कुटून घेतात. धणे, मोहरी, मेथी, तीळ, अळीव: गोण्यांत भरलेलं हे सगळं बीच आहे. भाजलेलं नसलं आणि फार जुनं नसलं की उगवतं. उगवेल का नाही हे पाहायची रीतही घरची आहे. मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात दहा दाणे बांधून ठेवावेत. सात-आठ फुटले तर बी चांगलं, चारच फुटले तर दुप्पट टाकावं, एकही नाही तर फोडणीला वापरावं.

धण्याबद्दल लोक नेहमी कुरकुरतात की आठवडा झाला तरी काही दिसत नाही. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या. लाटण्याने हलके रगडून त्या सुट्या कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात आणि दहा-बारा दिवस धीर धरावा. मे महिन्यात हा खटाटोप करूच नये. कोथिंबीर उन्हाळ्यात चार पानं काढते आणि लगेच फुलावर येते. मेथीचं तसं नाही. तिसऱ्या दिवशी माती उचलून वर येते. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथी मिळते, बोटभर उंचीच्या, पांढऱ्या मुळांच्या इवल्या जुड्या. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत दाट फोकलेली आणि दोन आठवड्यांच्या आत उपटलेली ही मेथी. वाळू असल्यामुळे मुळं सहज निघतात, मुळासकट खाता येतात. गॅलरीत उथळ तसराळ्यात अर्धी वाळू, अर्धी माती घालून ती जशीच्या तशी होते. पहिल्यांदाच बी हातात घेणाऱ्याने सुरुवात इथून करावी. अपयश यायला जागाच नाही.

मातीबद्दल थोडं. नर्सरीतली लाल माती नुसती वापरली की दोन पाण्यांत तिच्यावर पापडी धरते आणि नाजूक कोंब खालीच गुदमरतात. तिच्यात निम्म्याहून जास्त हलका माल मिसळावा: पालापाचोळ्याचं खत, नारळाच्या काथ्याचा भुसा, कुजवलेली उसाची चिपाडं. रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो, उलट आभार मानतो. गच्चीवर उसाची चिपाडं आणि घरचा ओला कचरा वापरून जवळजवळ मातीशिवाय शेती करण्याची रीत मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रूढ केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच वाटेने स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर फळभाज्यांची बाग उभी केली. हलका माल वापरायला आणखी एक कारण आहे. ओल्या मातीचं वजन फार असतं, आणि आपल्या कित्येक इमारती उपकरप्राप्त, लाकडी तुळयांच्या, शंभरीच्या आसपासच्या आहेत. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी दरवर्षी निघते. अशा गॅलरीत मातीच्या मोठाल्या कुंड्या ओळीने मांडणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. फोकून येणाऱ्या बहुतेक झाडांना वीतभर खोली पुरते. ही त्यांची मुंबईवर मेहेरबानीच. कुंडीखाली ताटली मात्र ठेवू नका. त्यात साचलेल्या पाण्यात डास होतात आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस नोटीस देतो, ते योग्यच करतो.

बी किती खोल घालावं? त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतकं, बस. कोंबडा, पोर्तुलाका यांचं बी राईहूनही बारीक असतं. ते नुसतं मातीवर टाकून तळहाताने दाबावं, वर काही घालू नये, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. असं बी कोरड्या वाळूत मिसळून फोकलं की एका जागी गठ्ठा पडत नाही. पाणी तांब्याने ओतू नये, बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून शिंपावं. जुलैच्या सरी तर तांब्याहून वाईट. टपोऱ्या थेंबांनी सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. कोंब दिसेपर्यंत वर गोणपाट घालावं आणि दिसताच त्याच दिवशी काढावं.

शत्रूंमध्ये पहिला कबूतर. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा शहरात केवढं रण माजलं ते सर्वांनी पाहिलं. त्या वादात मी शिरत नाही, पण ताजी पेरलेली पेटी उघडी ठेवून कबुतरांवर विश्वास टाकण्यात अर्थ नाही. मासळीची जुनी टोपली उपडी घालावी किंवा मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा. उंदीर घेवड्याचं आणि सूर्यफुलाचं बी रात्रीत उकरून नेतात. मुंग्या राजगिरा नि कोंबडा उचलतात. थोडं जास्त बी टाकणं हाच यावर उपाय. काही वाटा त्यांचा असतो.

आणि आता ज्या कामापाशी बहुतेक लोक अडतात ते: विरळणी. चिमूटभर बियांतून पन्नास रोपं उगवतात. हिरवंगार दिसतं. बघून डोळे निवतात. पण आंब्याच्या एका पेटीत तेरड्याची चार-पाच, झेंडूची तीन-चार झाडंच नीट वाढतात. बाकीची उपटायला हवीत, आणि ते करायला हात धजावत नाही. 'जीव आहे त्यात' असं म्हणून सगळी ठेवली जातात. मग ती काटकुळी होतात, एकमेकांच्या सावलीत पिवळी पडतात, मान टाकतात आणि पन्नासच्या पन्नास जातात. बी उगवत नाही म्हणून बागा बुडालेल्या मी क्वचित पाहिल्या आहेत. न उपटल्यामुळे बुडालेल्या पुष्कळ. ज्यांना जड जातं त्यांनी माठ, मुळा, मेथीपासून सुरुवात करावी. तिथे उपटलेलं रोप कोशिंबिरीत जातं, मनाला टोचत नाही. फुलझाडांची उपटलेली रोपं शेजारी वाटायचा मोह होतो. वाटावीत, पण जगतील अशी हमी देऊ नये.

एका प्रकारच्या फोकणीबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बसमधून डोंगरात जाऊन मातीचे बीजगोळे भिरकावायचे आणि फोटो काढून परत यायचं. जपानच्या फुकुओकांनी मातीच्या गोळ्यांत बी घालून शेती केली ती स्वतःच्या शेतावर, वर्षानुवर्षं लक्ष ठेवून. जिथे आपण परत जाणार नाही तिथे बी टाकणं म्हणजे पेरणी नव्हे. त्यापेक्षा आपल्या फुटपाथवरच्या गुलमोहराच्या आळ्यात ओंजळभर सदाफुली टाकावी. ठेकेदाराने तिथे सिमेंट ओतलं नसेल तर.

हे पुस्तक आत्ता लिहायचं कारणही सांगतो. दक्षिण आणि मध्य मुंबईतली गॅलरी संपत चालली आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, स्वतःच्या संडास-बाथरूमसह. याबद्दल हळहळण्यासारखं काही नाही. ज्यांनी सामायिक नळावर पहाटे रांगा लावल्या आहेत ते चाळीच्या आठवणींनी गहिवरत नाहीत. पण मजल्याची सामायिक गॅलरी गेली, तिच्या जागी खिडकीची ग्रिल आली, आणि वरच्या मजल्यांवर वारा असा की पातळ देठाची फुलं मोडतात. तिथे गोकर्ण लावावी. बी रात्रभर भिजवून ग्रिलच्या खाली टोकलं की ती स्वतःच वर चढते आणि वाऱ्याला जुमानत नाही. संक्रमण शिबिरात जाताना पंचवीस कुंड्या नेता येत नाहीत. बी नेता येतं. शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्याव्यात, बी कागदाच्या पुडीत घालून नाव आणि महिना लिहावा, पुड्या स्टीलच्या डब्यात ठेवून तळाशी मूठभर भाजलेले तांदूळ घालावेत, म्हणजे पावसाळ्याची दमट हवा बाधत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं बी बुरशी धरतं. गुलबक्षीच्या मिऱ्यांसारख्या बिया लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात. त्या फोडून आतली पांढरी पूड पावडर म्हणून गालाला लावायचा खेळ आपण सगळे खेळलो आहोत, पण बी पोटात गेलं तर विषारी आहे.

पुढची पानं महिन्यांच्या क्रमाने लावली आहेत, पण पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. मे-जूनमध्ये हातात आलं असेल तर तेरड्याचं प्रकरण काढा आणि आंब्याची पेटी भंगारवाल्याला देऊ नका. नवरात्रात आलं असेल तर तोरण उतरेपर्यंत थांबा, मग झेंडूकडे वळा. इतर कोणत्याही महिन्यात आलं असेल तर स्वयंपाकघरातल्या डब्यातून दोन चमचे मेथी घ्या, रात्री भिजत घाला आणि उद्या सकाळी फोका.